दूधवाली सोडावी

"दाब, दाब. लेकुरवाळी हाय का बघ," पोशाकाका म्हणाले.

बाबाने ओल्या गोणपाटावर आडव्या धरलेल्या जिताड्याच्या पोटावरून अंगठा हळूच मागे सरकवला. मासा सव्वा हात लांब, जेमतेम अडीच किलोचा. शेपटीच्या अलीकडे दोन थेंब आले. पांढरे, दाट.

"दूध आलं," बाबा म्हणाला. त्याने तोंडातला गळ सोडवला, माशाला दोन्ही हातांवर घेतलं आणि पाण्यात उतरला. मासा आपण होऊन निघून जाईपर्यंत तो गुडघाभर चिखलात उभा होता. पाठीमागे उघाडीच्या भिंतीवर त्याच्याच हातची निळी अक्षरं होती : 'दूधवाली सोडावी. चिंचखार गळकरी मंडळ.'

उघाडी म्हणजे खारबांधातला दरवाजा. भरती आली की त्याच्या लाकडी झडपा आपोआप मिटतात, आणि ओहोटी लागली की भातशेतातलं पाणी त्यांना ढकलून खाडीत जातं. त्या पाण्याबरोबर कोळंबी, बोईट, बारीक मासळी बाहेर पडते. तोंडाशी जिताडा वाट बघत असतो. म्हणून मंडळाची चौदा माणसं सुट्टीच्या दिवशी काठ्या घेऊन इथे बसायची. त्यात पोटासाठी मासे मारणारा एकही नव्हता. बाबा तालुक्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होता, पोशाकाकांची भाताची गिरण होती, बाकीचे कोणी शिक्षक, कोणी कचेरीतले.

मी प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.ला दुसऱ्या वर्षात होते आणि गौरी-गणपतीसाठी घरी आले होते. आमचं विसर्जन होऊन गेलं होतं. चार दिवसांनी, भाद्रपद पौर्णिमेच्या उधाणाला, मंडळाची वार्षिक स्पर्धा होती. सर्वांत मोठा जिताडा काढील तो जिंकला, एवढाच नियम. आणि त्या वर्षी सगळ्यांना एकच मासा हवा होता : सुभेदार.

सुभेदार उघाडीच्या खालच्या डोहात सहा वर्षं राहत होता. बाबाने त्याला दोनदा गळाला लावला होता. दोन्ही वेळा त्याने गालाच्या धारदार कडेवर तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोर, कापून टाकला. पोशाकाका हात पसरून त्याची लांबी दाखवायचे. त्यांच्या कुठल्याही मापातून एक तृतीयांश वजा करावं लागे, तरीही तो बारा किलोच्या खाली नसावा. त्याच्या जोडीचा दुसरा मासा गेल्या वर्षभरात कोणाला दिसला नव्हता.

"बाबा," मी म्हणाले, "तो नर होता."

"कोण?"

"आता सोडलास तो."

पोशाकाका इतके हसले की त्यांची विडी पाण्यात पडली. "ऐकलंस, हासू?" ते बाबाला म्हणाले. "नराला दूध! उद्या बैल दोहायला बसशील. मुंबईत हेच शिकवतात काय गो?"

"ते दूध नाही, काका. ते वीर्य आहे."

हा शब्द मी बाबासमोर पहिल्यांदाच उच्चारत होते. विज्ञान शिकणाऱ्या मुलीला त्याचं काही वाटू नये, पण वाटलं. म्हणून पुढचं वाक्य मी घाईने बोलले. "आणि मोठे असतात त्या माद्या. मंडळ चौदा वर्षं नर सोडतंय आणि माद्या मारतंय."

पोशाकाकांचं हसू थांबलं. त्यांनी बाबाकडे पाहिलं. बाबा माझ्याकडे बघत होता. तो चिडलेला नव्हता. स्वतःजवळची हरवलेली एखादी वस्तू माझ्याकडे आहे का, हे शोधावं तसं बघत होता. त्या नजरेचा अर्थ मला लागला नाही. नीट बघायला मी तोवर फक्त माशांकडे शिकले होते.

"घरी चल," तो म्हणाला.

घरी आई भाकऱ्या थापत होती. मी चुलीसमोरच्या पाटावर बसून सगळं सांगितलं. वर्षभर मी मुंबईच्या बाजारांत हिंडून कोळणींच्या पाटीतले जिताडे मोजले होते आणि मासा कापला गेला की त्याच्या पोटातलं मागून घेतलं होतं. असे सत्तावीस मासे. सत्तर सेंटिमीटरच्या आतले सोळाच्या सोळा नर. नव्वदच्या वरच्या आठच्या आठ माद्या. मधल्या तिघांच्या पोटात दोन्हींच्या खुणा.

"जिताडा वयात येतो तो नर म्हणून," मी म्हणाले. "काही वर्षं नर म्हणून जगतो. मोठा झाला की वृषण विरत जातं आणि त्याच जागी अंडाशय तयार होतं."

"तोच मासा?" बाबाने विचारलं. "आधी बाप, मग आई?"

"हो."

"माणसांत असं असतं तर बरं झालं असतं," आई भाकरी उलटत म्हणाली. बाबाने ऐकलं नाही असं दाखवलं.

"तुम्ही लहान सोडता ते चांगलंच करता," मी म्हणाले. "पण मोठे सगळे काढले तर अंडी घालणार कोण? सोडायला लहान तरी पूर्वीइतके मिळतात का?"

बाबाला स्टँडवरच्या सगळ्या गाड्यांच्या वेळा तोंडपाठ असायच्या, तसे हेही आकडे पाठ होते. "पाच वर्षांपूर्वी त्रेसष्ट सोडले," तो म्हणाला. "गेल्या वर्षी अकरा." त्याने चुलीतलं लाकूड आत सारलं. "मग सुभेदार?"

"मादी आहे. या डोहातली बहुतेक शेवटची."

"बहुतेक?"

"दुसरी कोणी बघितली नाही, म्हणून बहुतेक."

"दाखव मला ती मादी आहे म्हणून."

"पोट कापल्याशिवाय नाही दाखवता येत."

"मग मी काढतो, तू काप."

"शेवटची मादी मारून, ती मादी होती हे सिद्ध करू?"

"पमे," बाबा म्हणाला, "चौदा माणसं आहेत. त्यांना मी काय सांगू? आमच्या मुलीला मुंबईत सत्तावीस मासे भेटले?"

आई म्हणाली, "जेवून घ्या आधी. मासा पळून नाय जात."

मला मात्र मासा पळून जावा असंच वाटत होतं. चार दिवसांत मला सुभेदाराच्या अंगाला सुरी न लावता ती मादी आहे हे पटवायचं होतं, आणि ते जमलं नाही तर मी त्या दिवशी उघाडीवर जाऊन उभी राहणार होते. तिथे उभं राहून काय करणार, ते ठरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या जुन्या शाळेत गेले. शाळेत एकच सूक्ष्मदर्शक होता, खाली आरसा असलेला. तो कपाटात बंद असायचा आणि निरीक्षक आले की बाहेर काढला जायचा. वर्तक सरांनी चावी देताना विचारलं, "काय बघायचंय?"

"जिताड्याचं दूध, सर."

सरांनी चावी माझ्या तळहातावर ठेवली. मग म्हणाले, "आरशाचा स्क्रू ढिला आहे. कागदाची घडी लावून घे."

सूक्ष्मदर्शकाची लाकडी पेटी डोक्यावर घेऊन मी बांधावरून उघाडीवर गेले. बाबा आणि पोशाकाका होतेच. दीड तास गळाला काही लागलं नाही. मग पोशाकाकांच्या काठीला एक लहान जिताडा लागला आणि त्याला दूध होतं. मी एक थेंब कोरड्या काचेवर घेतला, मासा लगेच सोडायला लावला आणि आरसा उन्हाकडे फिरवला.

"बघ, बाबा."

बाबाने चष्मा काढला आणि डोळा लावला. "ठिपके दिसतात. रव्यासारखे. हलत नाहीत."

"आता काढू नकोस डोळा." मी खाडीचं पाणी बोटावर घेऊन त्याचा एक थेंब काचेवर सोडला.

बाबाचा श्वास थांबलेला मला ऐकू आला.

"काय झाला? काय दिसतंय?" पोशाकाका त्याच्या पाठीवरून वाकले.

"पळतायत," बाबा म्हणाला. "सगळे पळतायत. शेपट्या आहेत त्यांना."

"खारं पाणी लागलं की जागे होतात. अंडं शोधतात. मिनिटभरच."

बाबाने डोळा न काढता मनगट पुढे केलं. "पोशा, घड्याळ बघ." आणि मग, "थांबले. किती?"

"एक मिनिट नि दहा सेकंद."

बाबा सरळ झाला. त्याच्या डोळ्याभोवती नळीचा गोल वळ उठला होता. पोशाकाकांनीही बघितलं, पण तोवर सगळं निपचित पडलेलं. "मना तर वरीचा भात दिसतो," ते म्हणाले. पण त्यांनी बैलाचं नाव पुन्हा काढलं नाही.

"हा नर. कबूल," बाबा म्हणाला. "पण मोठी मादी असते, ते कशावरून? तुझ्या सत्तावीसांवरून नको. इथलं सांग."

इथलं माझ्याकडे काही नव्हतं, आणि त्याला कारण आमच्याकडची रीत होती. स्पर्धेतला मोठा जिताडा घरी कापत नाहीत. तो अख्खाच, केळीच्या पानात गुंडाळून, कोणाकडे तरी मानाचा म्हणून जातो. कोणाच्या व्याह्यांकडे, कोणाच्या साहेबाकडे. गेल्या वर्षी बाबाने काढलेला नऊ किलोचा जिताडा डेपो मॅनेजर लोखंडेसाहेबांकडे गेला होता. चौदा वर्षं चौदा माणसांनी मोठे मासे काढले, आणि त्यातल्या एकानेही आपल्या माशाचं पोट आतून बघितलं नव्हतं.

हे मी संध्याकाळी वैतागून आईला सांगत होते. ती तांदूळ निवडत होती.

"लोखंडेबाईंनी परात परत धाडली ना," ती म्हणाली.

"मग?"

"रिकामी परात कशी धाडणार? तळलेली गाभोळी घालून धाडली. दारात त्यांचा माणूस सांगून गेला, वहिनी, तुमच्याच माशाची हाय."

गाभोळी म्हणजे माशाच्या पोटातली अंडी. बाबा ओट्यावर पेपर वाचत होता. पेपर खाली आला. "कधी?"

"गेल्या साली. तुम्हीच खाल्लीत की. दोनदा मागून घेतलीत."

"ती रावसाची होती."

"तुम्ही म्हणालात रावसाची. मी म्हटलं, असेल तुमच्या मनात."

"मग तेव्हा सांगायचं नाही?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही म्हणालात, आणखी वाढ."

बाबाने पेपराची घडी घातली. पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. मला हसू येत होतं, पण त्याचा चेहरा बघून मी ते गिळलं. त्याच्या जिभेवर वर्षभरापूर्वीची चव परत आली असावी. "नऊ किलोची," तो स्वतःशी म्हणाला. "तिच्या आधीच्या वर्षी साडेआठची. त्याच्या आधी..." पुढचे आकडे तो मनात म्हणत गेला.

पौर्णिमेच्या सकाळी पोशाकाका आमच्याकडे चहाला आले. बाबा त्यांना म्हणाला, "आज मी मंडळाला सांगतो. नव्वद सेंटिमीटरच्या वरचा मोजायचा आणि सोडायचा. आधीचा नियम चुकला, तो माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे कसा?" पोशाकाकांनी कप खाली ठेवला. "तो तर—"

"पोशा, चहा पी."

पोशाकाकांनी चहा प्यायला. मी तेव्हा गोणपाट भिजवत होते. मला ऐकू आलं, पण मी थांबून विचारलं नाही.

भरती साडेबाराला पूर्ण झाली. एकच्या सुमाराला उघाडीच्या झडपांनी आवाज केला आणि पाणी खाडीकडे फिरलं. चौदा माणसं बांधावर उभी होती. बाबाने सांगितलं ते मोजून सहा वाक्यांत सांगितलं. शेवटचं वाक्य होतं, "तपासायची जबाबदारी माझी होती, मी तपासलं नाही."

कोणी हसलं. कोणी विचारलं, मग इतकी वर्षं आम्ही काय झक मारली? कोणीतरी माझ्याकडे बघून म्हणालं, शिकलेल्या पोरींना गणपतीच्या सुट्टीत आणलंच नाही पाहिजे घरी. वाद अर्धा तास चालला. मग ओहोटी वाया जाते म्हणून तोड निघाली. जो मासा काढील त्याचा मासा. सोडायचा की न्यायचा, त्याने ठरवावं.

बाबाने त्या दिवशी काठीला तंगूस लावलाच नाही. तो मोजपट्टी घेऊन खडकावर बसला. मी त्याच्या शेजारी ओलं गोणपाट घेऊन.

सव्वादोन वाजता पोशाकाकांची काठी पाण्यात गेली.

वाकली नाही, गेलीच. त्यांनी ती दोन्ही हातांनी कशीबशी धरली आणि बांधावरून खाली घसरत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले. मग डोहाच्या मध्ये पाणी फुटलं आणि सुभेदार अख्खा बाहेर आला. तोंड उघडं, डोकं डावी-उजवीकडे झाडत. सहा वर्षं ज्याच्याबद्दल नुसतं बोलत होतो, तो ऊन लागून चकाकला आणि पुन्हा खाली गेला.

पोशाकाकांनी चौदा वर्षांत एकदाही स्पर्धा जिंकली नव्हती. त्यांच्यावर सगळे हसायचे की गिरणीच्या पोत्यांखेरीज त्यांनी जड असं काही उचललेलं नाही. पण त्या दिवशी त्यांनी घाई केली नाही. मासा ओढेल तेव्हा देत राहिले, थांबला की घेत राहिले. वीस मिनिटांनी तो कुशीवर वळला.

मी पाण्यात उतरले. गोणपाट खाली सारून मी त्याला उथळ पाण्यात आधार दिला. त्याने एकच झटका मारला आणि गालाची कड माझ्या उजव्या तळहातातून ब्लेडसारखी गेली. दुखलं नाही. पाण्याचा रंग बदललेला बघून मला ते कळलं.

बाबाने पट्टी लावली. "एकशे चार."

"काका," मी म्हणाले, "सोडा तिला."

"थांब." पोशाकाका धापा टाकत होते. त्यांनी माशाच्या पोटावर अंगठा ठेवला आणि हलक्या हाताने मागे ओढला, चौदा वर्षं ओढत आले होते तसाच. काही आलं नाही. पुन्हा ओढला. "दूध नाय. अंडी पण नाय. मादी हाय तर दाखव ना!"

"पावसाळा सरला. अंडी घालून झाली असतील."

"असतील! बहुतेक! तुजं सगळं असंच." बांधावरून कोणीतरी ओरडलं, "उचल रे पोशा, बघतोस काय!" पोशाकाकांनी तिकडे मान वळवली, मग माझ्याकडे. "तुना एक विचारू? चौदा साल आम्ही कोनाच्या सांगण्यावरून बारके सोडले?"

"बाबाच्या."

"तुज्या!"

"पोशा," बाबा म्हणाला.

"आता नाय गप बसायचा, हासू. मासा माजा हाय, मी बोलणार." त्यांनी उघाडीच्या भिंतीकडे हात केला. "इथंच. तू नऊ वर्सांची. पिवळा झगा. तुज्या बापानं जिताडा काढला, त्याला असंच पांढरा आला. तू बोललीस, बाबा, हिला दूध येतंय, हिचा बाळ कुठंय? नि बसलीस चिखलात भोकाड पसरून. बापानं सोडला मासा. दुसऱ्या दिवशी निळा रंग घेऊन आला नि भिंत रंगवली. आम्ही हसलो तर बोलला, माज्या पोरीची नजर बारीक हाय, ती बोलते ते लिवून ठेवायचं." ते थांबले. "तुज्या एका शब्दावर चौदा साल बारके सोडले. आता तुज्या दुसऱ्या शब्दावर मोठा सोडू?"

मला ते आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. पिवळा झगा आठवतो, पण तो एका फोटोत आहे म्हणून. चार दिवसांपूर्वी बाबा माझ्याकडे तसा का बघत होता, ते मात्र मला तिथे, पाण्यात उभी असताना, कळलं. आणि मग त्याने सकाळी पोशाकाकांना चहा का प्यायला लावला, तेही.

मी बाबाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलता आलं नसतं.

"हो," मी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तो नियम माझा होता आणि तो चुकला. तेव्हा मला वाटलं होतं, काका. मी बघितलं नव्हतं. आता बघितलंय."

माशाचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. माझं रक्त त्याच्या पांढऱ्या पोटावरून ओघळत होतं.

"तीन मिनिटं झाली," बाबा म्हणाला. तो घड्याळाकडे बघत होता. स्टँडवर गाडी सुटायची वेळ सांगावी तसा सरळ आवाज. "पोशा, मासा तुझा आहे. जे करायचं ते आता कर."

पोशाकाकांनी शिवी हासडली. कोणाला, ते कळलं नाही. मग त्यांनी कंबरेची पक्कड काढली, गळाचा काटा तोडला, सुभेदाराला दोन्ही हातांवर घेतलं आणि छातीएवढ्या पाण्यात गेले. तिथे ते तिला धरून उभे राहिले. खूप वेळ. तिचे कल्ले हलायला लागले, शेपटी एकदा आळसावून वळली. "जा," ते म्हणाले. "अंडी घाल पुढच्या साली. नायतर मी पमीला धरीन."

ती गेली. पोशाकाका परत आले तेव्हा त्यांचे हात अजून पुढे पसरलेलेच होते, तेवढ्याच मापाचे. त्या मापातून काही वजा करावं लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा तारेच्या ब्रशने भिंतीवरची निळी अक्षरं खरवडत होता. माझ्या हाताला सहा टाके होते.

"मी म्हटलं तो नर आहे, तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"काय सांगणार? नऊ वर्षांच्या पोरीने पांढरं बघितलं, तिला दूध वाटलं. तिचं काय चुकलं?" तो खरवडत राहिला. "मी चाळीशीचा होतो. गाडी दोन मिनिटं उशिरा आली तर ड्रायव्हरला कारण विचारायचो. तुला नाही विचारलं. ऐकायला बरं वाटलं, लिहून टाकलं."

भिंत साफ झाली. त्याने डबा उघडला आणि कुंचला माझ्यासमोर धरला.

"उजवा हात बांधलाय, बाबा."

"डाव्याने लिही. वाकडं आलं तर चालेल."

मी लिहिलं : 'नव्वद सेंटिमीटरवरचा जिताडा सोडावा.' वाकडंच आलं.

"खाली नाव घाल."

"मंडळाचं?"

"तुझं. उद्या चुकलं तर कोणाला विचारायचं ते कळायला हवं."

मी नाव घातलं. प्रमिला हासुराम म्हात्रे. बाबाने दोन पावलं मागे जाऊन ते वाचलं.

"किती मासे म्हणालीस?"

"सत्तावीस."

"कमी आहेत," तो म्हणाला आणि डब्याचं झाकण लावलं.

ती उघाडी आता सिमेंटची झाली आहे आणि जुनी भिंत राहिलेली नाही. त्या मादीचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. नंतरच्या काही वर्षांत मंडळाला लहान जिताडे जास्त मिळू लागले, पण एका खाडीवरून आणि एका माशावरून मी काहीही सिद्ध करू शकत नाही. मी जिताड्यांवरच काम करत राहिले. सुट्टीत घरी गेले की बाबाला आकडा सांगायचे. एकशे चाळीस. तीनशे सहा. दर वेळी त्याचं उत्तर तेच असायचं.

शेवटच्या आजारात त्याला ऐकू येईनासं झालं होतं. मी त्याचा हात घेऊन तळव्यावर बोटाने आकडा लिहिला : नऊ, एक, दोन. त्याला कळला की नाही म्हणून पुन्हा लिहिला. त्याने माझा उजवा हात ओढून घेतला, तळव्यावरच्या पांढऱ्या वणावरून अंगठा एकदा हलकेच सरकवला, आणि डोळे मिटूनच म्हणाला, "कमी आहेत."